झोपेची परवानगी

जेवायला ताट लागते, प्यायला पेला लागतो. झोपेला काहीच लागत नाही. दगडाची उशी करून माणूस झोपतो, मोटारीच्या टपावर झोपतो, सभेत तर वक्त्याच्या समोर बसूनच झोपतो. त्यामुळे झोप ही अगदी फुकटची, कुणाच्या बापाला न विचारता घ्यायची गोष्ट आहे, असा आपला समज असतो. परंतु जरा आजूबाजूला पाहावे. पहाऱ्यावरच्या शिपायाने डोळा मिटला तर तो गुन्हा होतो. आमच्या आजीच्या काळी सासूबाईंच्या खोलीतला कंदील मालवल्याखेरीज सुनेने पाठ टेकायची नसे. म्हणजे झोप फुकट असली तरी मोकळी नाही. ती कुणी घ्यावी आणि कुणाला विचारून घ्यावी, याचे कायदे आहेत. ते लिहिलेले नसतात, इतकेच.

हा कायदा मी लिहिलेल्या स्वरूपात पाहिला तो मात्र उतारवयात, आणि तोही माणसाच्या झोपेविषयी नव्हे, तर यंत्राच्या.

आमचे घाटनांदूर अंबाजोगाई तालुक्यात, बालाघाटाच्या पठारावर आहे. परळीहून लातूर रोडकडे जाणारी आगगाडी गावावरून जाते. परळीला वीज निर्माण करणारे मोठे केंद्र. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो आम्ही प्रत्यक्ष भोगलेला आहे. 2013 च्या फेब्रुवारीत दुष्काळाने पाणी आटले आणि ते केंद्रच बंद ठेवावे लागले. ते चालू असतानाही आमच्याकडची 'लाइट' पाहुण्यासारखीच येई: केव्हा येईल ते सांगता येत नसे, आणि आली म्हणून राहील असा भरवसा नसे.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर आम्ही चार-सहा जणांनी मिळून मुलांसाठी एक अभ्यासिका चालवायला घेतली होती. पुण्यातल्या एका कचेरीने मोडीत काढलेले पाच संगणक माझ्या पुतण्याने मिळवले, टेम्पोत घालून आणले आणि त्यांवर लिनक्स ही मुक्त स्रोत प्रणाली बसवली. मुक्त स्रोत म्हणजे जिचे आतले सारे लिखाण कुणालाही वाचता येते, पटले नाही तर बदलता येते, आणि बदललेले दुसऱ्याला देताही येते. "काका, हिच्यात झाकून ठेवलेलं काही नाही," असे तो मोठ्या अभिमानाने म्हणाला. पाच यंत्रे, एक जुना इन्व्हर्टर, आणि भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी, एवढ्यावर आमचा संसार सुरू झाला.

त्या वर्षी दसरा नुकताच झाला होता. आमच्या जिल्ह्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास गावेच्या गावे हलतात. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोयते, भांडी, शेळ्या आणि लहान मुले ट्रकांत चढतात, आणि मागे राहतात ती म्हातारी माणसे व शाळेतली मुले. अकरावीत शिकणारी एक मुलगी त्या संध्याकाळी आपल्या आईला घेऊन अभ्यासिकेत आली. आई दुसऱ्या दिवशी पहाटे तोडीवर जाणार होती. जाण्यापूर्वी मागच्या हंगामाचा हिशेब लेकीकडून लिहवून घ्यायचा, असे मायलेकींनी ठरवले होते.

हिशेब कागदावर कुठेच नव्हता. तो त्या बाईच्या डोक्यात होता. तोडीवर नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. त्या एका कोयत्यापोटी मुकादमाकडून उचल किती घेतली, ऊस किती टन तोडला, त्यातून किती फिटले आणि अंगावर किती उरले, हे सारे तिला पाठ होते. पण तारखा तिच्याजवळ नव्हत्या, प्रसंग होते. "बैलाच्या पायात खुंट घुसला तवाचे दोन खाडे. धाकटीला ताप आला तवाचे तीन. माझं पोट दुखत होतं तवा एक." खाडा म्हणजे कामावर न गेलेला दिवस. त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर मुकादम दंडही लावतो. आई सांगत होती, मुलगी टंकत होती, आणि मी शेजारी वर्तमानपत्र उघडे धरून वाचण्याचे सोंग करीत होतो. दीड तास हे चालले असेल. मग लाइट गेली.

इन्व्हर्टरने भार उचलला खरा, पण त्याची बॅटरी म्हातारी होती. ती पाच-दहा मिनिटांत मान टाकी. मुलगी काही घाबरली नाही. तिने सरळ यंत्राला झोपवण्याची आज्ञा दिली. मोबाइलवर वाढलेल्या पिढीला लिहिलेले जपून ठेवावे लागते, हेच ठाऊक नसते. कळ दाबली की यंत्र झोपते, पुन्हा दाबली की जिथे सोडले तिथून जागे होते, एवढे तिला माहीत. आणि तिचा हिशेब चुकीचाही नव्हता. झोपलेला संगणक पडदा, तबकडी, पंखे सारे बंद करतो. फक्त स्मरणात जे आहे ते तेवढे धरून ठेवतो, आणि त्यासाठी त्याला जेमतेम दिव्याच्या वातीइतकी वीज पुरते. जागेपणी जी बॅटरी दहा मिनिटांत संपते, तिने झोपलेले यंत्र सहज रात्र काढले असते.

पण यंत्र झोपेना. पडद्यावर एक चौकट उघडली. दुसरे कुणीतरी या यंत्रात दाखल आहे; तेव्हा यंत्र झोपवायचे असेल तर व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द द्यावा, असा त्या चौकटीतल्या मजकुराचा भावार्थ होता. व्यवस्थापक म्हणजे माझा पुतण्या. तो पुण्यात, आणि त्याचा फोन लागत नव्हता. 'दुसरे कुणीतरी' म्हणजे दुपारी येऊन गेलेला एक मुलगा. आपले दालन बंद न करता तो नुसता उठून घरी गेला होता, आणि आतापावेतो बहुधा जेवून झोपलाही असेल. पण यंत्राच्या दप्तरी तो अजून हजर होता.

त्या माउलीने चौकटीकडे पाहिले, लेकीला विचारून अर्थ समजून घेतला आणि मला म्हणाली, "गुरुजी, मशिनीला बी झोपायचं म्हनलं की मुकादमाला इचारावं लागतंय व्हय?"

आम्ही तिघेही हसलो. हसू ओसरते आहे तोच इन्व्हर्टरने लांबलचक शीळ घातली आणि पडदा काळा झाला. दीड तासाचा हिशेब गेला. मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. आई उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. माझ्या ध्यानात हाय समदं." पहाटे ती ट्रकमध्ये बसून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पुतण्याशी बोललो, आणि मग आठवडाभर त्याने मला जे समजावून दिले ते मला फार मोलाचे वाटते. मला आधी वाटत होते की ही कुणातरी हुकूमबाज माणसाची करामत असावी. पण कुठलाही जुना नियम खणत गेलो की तळाशी एखादा शहाणपणाचा दगड लागतो, तसेच इथेही झाले.

आजच्या लिनक्सचा आचारधर्म ज्या युनिक्सकडून आला, ती प्रणाली 1969 मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडवण्यास आरंभ केला. तेव्हाचा संगणक म्हणजे सामायिक विहीर होती. एक यंत्र, आणि त्याला तारा जोडून आपापल्या ठिकाणी काम करणारी अनेक माणसे. त्यांतल्या एकाने उठावे आणि यंत्र बंद करावे, तर बाकीच्यांचे काम बुडणार. म्हणून बंद करण्याचा अधिकार एकाच खात्याला दिला. त्याचे नाव 'रूट', म्हणजे मूळ. विहिरीवरची मोट कुणी सोडायची याचा निर्णय पाणी भरणाऱ्या प्रत्येकावर सोपवत नाहीत, तसलाच हा प्रकार. त्यात अन्याय काही नव्हता.

पुढे 1991 मध्ये लायनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि ही विहीर घरोघरच्या टेबलावर आली. आता पाणी भरणारा एक, विहीर त्याची, रहाटही त्याचा; पण नियम मात्र गावविहिरीचाच राहिला. स्वतःच्या मांडीवरचा संगणक मिटवून झोपवायचा, तर स्वतःच रूटचे सोंग घेऊन स्वतःलाच परवानगी द्यायची, अशी विनोदी अवस्था पुष्कळ वर्षे होती. कुणी नियमांच्या वहीत स्वतःपुरता अपवाद लिहून घेई. डेबियन या प्रसिद्ध प्रणालीत काही काळ यासाठी 'पॉवरडेव्ह' नावाचा एक गटच होता. त्या गटात नाव घातलेल्यालाच यंत्र झोपवता येई. पंगतीत बसायचे तर आधी यादीत नाव हवे!

हा गुंता सोडवला तो एका साध्या प्रश्नाने. 'पॉलिसीकिट' नावाची व्यवस्था रेड हॅट कंपनीतल्या डेव्हिड झोइटन यांनी 2007 च्या आसपास उभी केली. तिने 'तू कोण आहेस?' एवढेच विचारण्याऐवजी 'तू कुठे बसला आहेस आणि तुला नेमके काय करायचे आहे?' असे विचारायला सुरुवात केली. तिच्या लेखी माणसे तीन प्रकारची. एक, या यंत्राच्या समोर बसलेला आणि आत्ता पडदा ज्याच्या हाती आहे असा. दुसरा, याच यंत्रात दाखल असलेला, पण पडदा दुसऱ्याला देऊन मागे गेलेला. तिसरा, दुरून, तारेवरून आलेला. प्रत्येक कामासाठी या तिघांना वेगवेगळे उत्तर देता येते: होय, नाही, आधी स्वतःचा परवलीचा शब्द सांग, किंवा व्यवस्थापकाचा सांग. आणि झोपवण्याच्या बाबतीत सर्वसाधारण उत्तर असे ठरले की समोर बसलेल्याला काही विचारू नये, आणि दुरून आलेल्याला व्यवस्थापकाचा शब्द मागावा.

हे ऐकून मी पुतण्याला म्हटले, "अरे, म्हणजे हा तर फार मोठा विचार आहे!" अधिकार पदावरून न देता जागेवरून द्यायचा. दिव्याजवळ जो बसला आहे त्याच्या हाती दिव्याची कळ. आम्ही ज्या मुलखात वाढलो तिथे 1948 पर्यंत निजामाचे राज्य होते. अंबाजोगाईचे नावही तेव्हा मोमिनाबाद होते आणि कचेरीची भाषा उर्दू. निर्णय घेणारा हैद्राबादेत, आणि त्याचे फळ भोगणारा इथल्या बांधावर, ही रीत आमच्या वडीलधाऱ्यांच्या हाडीमासी मुरली होती. साधा अर्ज करायचा तरी माणूस आधी 'वरून काय हुकूम आहे?' असे विचारी. दुरून आलेल्यापेक्षा समोर बसलेल्याचा शब्द जड मानणारे एखादे यंत्र तरी निघाले, याचे मला कौतुक वाटले.

मग त्या संध्याकाळी घोटाळा कुठे झाला? त्या नियमावलीत झोपवण्याच्या परवानगीचीही पोटकलमे आहेत. यंत्रात तुम्ही एकटेच असताना झोपवणे, हे एक. दुसरेही कुणी दाखल असताना झोपवणे, हे दुसरे. आणि एखाद्या चालू कामाने 'थोडे थांबा' अशी विनंती करून ठेवली असताना ती डावलून झोपवणे, हे तिसरे. आमच्या यंत्रावर त्या वेळी दुसऱ्या कलमाला व्यवस्थापकाचा शब्द लागत होता. हेतू चांगला होता: गैरहजर माणसाच्या कामाला धक्का लागू नये. पण झोप म्हणजे मरण नव्हे. यंत्र झोपले असते तर त्या दुपारच्या मुलाचे काम आणि या मायलेकींचा हिशेब, दोन्ही जसेच्या तसे राहिले असते. झोपू दिले नाही म्हणून दोन्ही गेले. गैरहजराच्या हिताच्या नावाने हजर माणसाचे हात बांधले की असेच होते. गैरहजराचेही भले होत नाही.

या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते आमच्या स्टेशनावर कितीतरी आधीपासून लटकत होते. आमचा रेल्वेमार्ग एकेरी. माझ्या लहानपणी ड्रायव्हरच्या हाती मोठ्या कड्यात अडकवलेला गोळा दिल्याखेरीज गाडी पुढे जात नसे, आणि तो गोळा यंत्रातून बाहेर काढायला पुढच्या स्टेशनाचीही संमती लागे. दोन स्टेशने मिळून 'हो' म्हणतील तेव्हा चाक फिरणार. एकाच रुळावर समोरून दुसरी गाडी येऊ शकते, म्हणून इथे दुरून परवानगी मागणे योग्यच होते. पण तीच गाडी थांबवायला? रुळ तुटलेला दिसला तर शेतावरून येणाऱ्या गुराख्यानेही दोन्ही हात वर करून उभे राहावे, ड्रायव्हरने गाडी रोखावी. डब्यातली साखळी तर प्रत्येकाच्या हाताशी. तिथे पहिल्या वर्गाचा उतारू आणि तिसऱ्या वर्गाचा उतारू असा भेद त्या काळीही नव्हता. उगाच ओढली तर 1989 च्या रेल्वे कायद्याच्या 141 व्या कलमाप्रमाणे एक हजार रुपयांपर्यंत दंड, एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणजे जाब नंतर विचारायचा. हात आधी बांधायचा नाही. चालवण्याचा अधिकार मोजक्यांचा आणि थांबवण्याचा सगळ्यांचा, ही रेल्वेची नीती मला फार शहाणपणाची वाटत आली आहे.

पुतण्याला मी हे सांगितले. त्याने एका लहानशा फाइलीत पाच-सहा ओळींचा नवा नियम लिहिला: या अभ्यासिकेतल्या यंत्रासमोर जो प्रत्यक्ष बसला असेल त्याने, दुसरे कुणी दाखल असले तरी, यंत्र खुशाल झोपवावे. फाइल त्याने पुण्यात बसून लिहिली, पण ती यंत्रात घालायला तो दिवाळीत घाटनांदूरला आला आणि ते काम त्याने त्या मुलीकडून करून घेतले. तिने त्या ओळी मोठ्याने वाचल्या, एकेका शब्दाचा अर्थ विचारला. एका यंत्राला मात्र त्याने तो नियम लावला नाही. त्या यंत्रावर पुस्तकांची नोंद होती आणि बाकीची चारही यंत्रे तिथून माहिती घेत. "काका, ही अजून गावविहीरच आहे," तो म्हणाला. मला ते पटले. अधिकार सगळ्यांना द्यावा, याचा अर्थ सगळीकडे एकच नियम लावावा असा होत नाही. आपल्या थांबण्याने कुणाचे काय थांबते, एवढे पाहावेच लागते.

त्या बाईचा प्रश्न मात्र माझ्या मनातून जात नाही. यंत्राला झोपायला मुकादमाला विचारावे लागते का, असे ती हसत विचारून गेली. ती स्वतः मात्र त्याच पहाटे अशा ठिकाणी चालली होती, जिथे पोट दुखले म्हणून एक दिवस थांबण्याची किंमत उचलीतून कापली जाते. 2019 मध्ये आमच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी सरकारला समिती नेमावी लागली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने हळहळ व्यक्त केली. पाळीच्या दिवसांतला खाडा परवडत नाही, म्हणून पाळीच नको, इथपर्यंत काही बायका आल्या होत्या. वर्तमानपत्र वाचताना मला तिचे ते वाक्य आठवत होते: "माझं पोट दुखत होतं तवा एक." खाड्याचा नियमही कुणीतरी, काहीतरी हेतूने, केव्हातरी केला असेल, उचल घेतलेला माणूस पळून जाऊ नये, एवढाच तो हेतू असेल. पण हा नियम उघडून दाखवणारी फाइल नाही. तो कुठे लिहिलेला नाही, म्हणून वाचता येत नाही. आणि वाचता येत नाही, म्हणून पाच-सहा ओळींत बदलताही येत नाही.

गुढीपाडव्यानंतर टोळी परतली. बाई अभ्यासिकेत आली ती आता दोन हंगामांचा हिशेब घेऊन, आणि खरोखरच तिच्या ध्यानात सारे जसेच्या तसे होते: बैल, धाकटीचा ताप, सगळे. लेकीने ते टंकून घेतले, या वेळी मधून मधून जपून ठेवत. छापलेला कागद आईने चार पदरी घडी घालून बटव्यात ठेवला. पुढच्या हंगामाच्या बोलणीच्या वेळी तिने तो मुकादमापुढे उलगडला. खाडे काही माफ झाले नाहीत. पण दोन खाडे तिच्या नावावर जास्तीचे लावले होते, ते त्याला खोडावे लागले.